हरलेल्याने चहा करायचा

आमच्या घरात सकाळचा चहा कोण करणार, हे तिरंदाजीवर ठरायचं. हसू आलं ना? येऊ द्या. बऱ्याच घरांत तो बाईनेच करायचा असतो, त्यामुळे ठरवायचा प्रश्नच येत नाही. आमच्याकडे निदान पैज तरी लागायची.

पैजेचे नियम यांनी केले होते. थंडी पडली की बंद हॉलमधल्या स्पर्धा सुरू होतात. प्रत्येक स्पर्धेच्या अंतिम सामन्याआधी, पहिला बाण सुटायच्या आत, दोघांनी आपापल्या खेळाडूचं नाव मोठ्याने घ्यायचं. मनातल्या मनात घेतलेलं चालायचं नाही. दोघांना एकच नाव घेता यायचं नाही, आणि आधी नाव घ्यायचा मान मागच्या वेळी जिंकलेल्याचा. हरलेल्याने दुसऱ्या दिवसापासून पुढच्या स्पर्धेपर्यंत रोज सकाळी चहा करायचा, आणि जिंकलेल्याने कप हातात येईपर्यंत अंथरूण सोडायचं नाही. हे शेवटचं कलम फार कडक होतं. एकदा मी जिंकलेली असताना चुकून आधी उठले आणि गॅस पेटवला, तर यांनी येऊन तो बंद केला, मला खोलीत परत पाठवलं आणि मग स्वतः नव्याने पेटवला. मोसमाचा शेवटचा सामना हरला त्याचं तर काही खरं नव्हतं. पुढची थंडी येईपर्यंत चहा त्याच्या गळ्यात.

हे क्रीडागृहात देखभालीला होते. दिवे, फरशी, गळके नळ, हरवलेल्या किल्ल्या, सगळं यांच्याकडे. पण तिरंदाज यायचे तेव्हा निशाणांच्या मागे जाळी टांगायचं काम यांनी कधी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. चुकलेला बाण भिंतीवर आपटून मोडू नये म्हणून ती जाळी असते. ती ताणून बांधली तर बाण आरपार जातो. सैल सोडली तर बाण तिच्यात गुरफटतो आणि मुकाट खाली पडतो. हे कळायला यांना एक हिवाळा लागला आणि मला ते ऐकून घ्यायला अख्खा संसार. क्रीडागृहात सगळे यांना 'जाळीवाले'च म्हणायचे.

मी पाणीपुरवठा खात्यात होते. पुढच्या महिन्यात कुठल्या भागाला किती पाणी लागेल, याचा अंदाज मांडायचे. त्यात मोठी विद्या काही नाही. मागच्या वर्षी काय झालं ते बघायचं आणि यंदाही तेच होणार असं धरून चालायचं. तहानेच्या बाबतीत माणसं फारशी बदलत नाहीत. तिरंदाजही बदलत नाहीत. कुणाची सरासरी काय, दमल्यावर कुणाचे बाण डावीकडे जातात, अंतिम सामन्यात कुणाचे हातपाय गळतात, हे मला तोंडपाठ असायचं, आणि मी बहुतेक वेळा जिंकायचे.

यांची तऱ्हा वेगळी. "आज हिने जेवण नीट केलेलं दिसतंय," म्हणून हे एखादीचं नाव घ्यायचे. "याचे बूट बघ, नवे आहेत, चावत असणार," म्हणून दुसऱ्याचं नाव टाळायचे. मग हरायचे. चुकूनमाकून कधी जिंकलेच, तर पुढच्या वेळी आधी नाव घ्यायचा मान यांचा असायचा, आणि तो मान वापरून हे अशा कुणाला निवडायचे की मी कपाळावर हात मारून घ्यायचे. वर्षानुवर्षं आमच्याकडचा सकाळचा चहा यांनीच केला. कडक, वाजवीपेक्षा गोड, आणि कप काठोकाठ भरून, म्हणजे बशीत सांडलाच पाहिजे. मी रोज कुरकुर करत प्यायचे आणि शेवटचा घोट राहिला की वाईट वाटायचं.

आमची लेक लहानपणी या सगळ्यात पंच होती. बाण सुटायच्या आधी नाव घेतलं की नंतर, यावर भांडण झालं की निकाल ती द्यायची. शिकायला बाहेर गेली तेव्हाही स्पर्धा झाली की फोन यायचा. बाबा हरले म्हटलं की तिचा एकच प्रश्न असायचा, "किती फरकानं?" मग हे खुर्ची ओढून बसायचे आणि पहिल्या बाणापासून सगळा सामना सांगायचे. मी आतून ओरडायचे, बिल कोण भरणार म्हणून. दोघंही ऐकायचे नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात हे गेले. मोसमाचा शेवटचा सामना हरले होते, त्यामुळे चहा यांच्याकडे होता. त्या सकाळी मला हे उठल्याचं ऐकू आलं, पातेल्यात पाणी पडल्याचं ऐकू आलं, मग स्टूल सरकल्याचं. त्यानंतर काही नाही. मी पडल्या पडल्या ओरडले, "पाणी विहिरीतून काढताय का?" थोड्या वेळाने पुन्हा म्हटलं, "आज मिळणार आहे की उद्याच?" मग जळक्या पातेल्याचा वास आला. हे स्टुलावर बसलेले होते, भिंतीला डोकं टेकून, हातात साखरेचा डबा. डॉक्टर म्हणाले, बसल्या बसल्या झालं असणार, तुम्ही लगेच आला असतात तरी काही फरक पडला नसता. त्यांनी मला समजावण्यासाठी सांगितलं असेल, पण मी त्यावर विश्वास ठेवला आहे. मला अपराधी वगैरे वाटत नाही. फक्त अंथरुणात पडून चहाची वाट बघणं, ती एक गोष्ट मला या जन्मी पुन्हा करायची नाही.

थंडी आली, पहिली स्पर्धा आली. ती दुसऱ्या शहरात होती, म्हणून लेकीने बसवून दिलेल्या संगणकावर लावली. सामना सुरू होणार तेवढ्यात माझ्या तोंडून नाव गेलं. सवयच ती. आणि नाव गेल्यावर खोलीत इतकी शांतता झाली की मला राहवेना. मी यांच्या वतीनेही एक नाव घेतलं. यांच्या खुर्चीकडे बघून, जरा जाड आवाजात. आता याला वेड म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

त्या दिवशी हे जिंकले. सकाळी मी उठून दोन कप चहा केला. यांचा कप यांच्या बाजूच्या टेबलावर ठेवला, माझा घेऊन पलंगाच्या कडेला बसले. अकराच्या सुमारास यांचा गार झालेला चहाही मीच प्यायले. वाया घालवणं मला जमत नाही. पण तो दिवस बरा गेला. उठायला कारण होतं, करायला काम होतं, आणि कुणासाठी तरी साखर जास्त टाकायची होती.

घोड्याने पेंड खाल्ली ती दुसऱ्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी. भांडी घासता घासता मनात आलं, उद्या मी जिंकले तर? हरलेल्याने चहा करायचा. मी जिंकले तर यांनी करायचा. म्हणजे मी अंथरुणात पडून राहायचं आणि आतून स्टूल सरकायची वाट बघायची.

खेळच सोडून द्यायचा, हेही मनात आलं. पण मग घरात यांचं काय उरलं? कपडे लेकीने जाताना नेऊन देऊन टाकले, चष्मा कुणाच्या उपयोगाचा नाही. नियम तेवढे उरले होते. तेव्हा मी दुसरी वाट काढली. आपण जिंकायचंच नाही.

मुद्दाम हरणं किती सोपं असतं, हे मला यंदाच कळलं. जिंकलेल्याने आधी नाव घ्यायचं, म्हणजे आधी यांची पाळी. मी यांच्या तोंडी दोघांतलं भरवशाचं नाव घालायचे. "अगदी बरोबर सुचलं बाई तुम्हाला आज," असं वर म्हणायचे, आणि मी उरलेला घ्यायचे, ज्याचं बाण सोडतानाच तोंड वाकडं होतं. आख्खा हिवाळा मी हरले. आख्खा हिवाळा घरात दोन कप चहा झाला.

पण एकीकडे एक किडा डोक्यात शिरला. हे इतकं सोपं आहे, तर यांनीही तेच केलं नसेल कशावरून? ज्या माणसाने सगळं आयुष्य जाळीच्या शेजारी उभं राहून बाण बघितले, त्याला बुटांवरून निकाल सांगावासा वाटेल? आणि आधी नाव घ्यायचा मान मिळाल्यावरही? मी दिवसचे दिवस त्यावर विचार करायचे. माझ्या सरासऱ्या, माझी हुशारी, माझं नाक वर करून अंथरुणात बसणं, आणि हे स्वयंपाकघरात गालातल्या गालात हसतायत. मला प्रेम वाटायच्या आधी रागच आला. असलं काही करायचं होतं, तर एकदा सांगायचं तरी. आता विचारू कुणाला?

लेक दर रविवारी दहाला फोन करते. तिचे प्रश्न ठरलेले असतात. "चहा झाला का? गुडघा कसाय? बाहेर पडतेस ना गं?" माझी उत्तरंही ठरलेली. झाला, बरा आहे, पडते. ती काळजीने विचारते हे मला कळतं आणि मी तिला काही सांगत नाही हे तिला कळतं. हे होते तेव्हा फोनवर आम्ही दोघी यांच्याशीच बोलायचो. यांच्या जाण्यानंतर तिरंदाजीचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही. काय सांगणार? की तुझे बाबा यंदा सगळ्या पैजा जिंकतायत?

मोसमाचा शेवटचा सामना आमच्या क्रीडागृहात होता. आणि अंतिम फेरीत वेणीवाली आली होती.

वेणीवालीबद्दल सांगायला हवं. ही मुलगी धनुष्य तिच्यापेक्षा उंच होतं तेव्हापासून क्रीडागृहात यायची. जाड वेणी, आणि ती दोरीत अडकू नये म्हणून कमरेच्या पट्ट्यात खोचलेली. यांनी तिला पहिल्यांदा बघितलं त्या दिवशी घरी येऊन जाहीर केलं की ही अंतिम सामन्यात असेल तेव्हा आपलं नाव ठरलेलं, मान पहिला असो की दुसरा, दुसऱ्या कुणाचं नाव आपण घेणार नाही. तिच्यात काय बघितलं असं विचारलं, तर म्हणाले, "तिला बाण खाली घेता येतो."

त्याचा अर्थ असा. तिरंदाज दोरी ओढतो, पूर्ण ओढ झाली की धनुष्यावरची छोटी पट्टी टिक् करते, आणि टिक् झालं की तो बाण सोडतो. कधी कधी ओढताना काहीतरी बिनसतं. श्वास चुकतो, खांदा चढतो. अशा वेळी शहाण्याने दोरी हळूच परत सैल करायची, बाण खाली घ्यायचा आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. पण समोर सेकंद पळत असतात, लोक बघत असतात. बहुतेकांना धीर निघत नाही, ते चुकतंय हे कळत असूनही सोडून मोकळे होतात. वेणीवाली खाली घ्यायची. "बाकीच्यांना नुसतं सोडता येतं," हे म्हणायचे.

तिला येत नव्हतं ते फक्त जिंकणं. अंतिम सामन्यात तिचं घोडं दर वेळी अडायचं, आणि यांचा चहा पक्का व्हायचा. यंदा खांदा दुखावला म्हणून ती मोसमभर नव्हती. मला वाटलं, सुटले. आणि आता शेवटच्या सामन्यात ही उगवली. समोर कोण, तर घड्याळ. तिला सगळे घड्याळच म्हणतात, कारण तिचा प्रत्येक बाण ठरल्या सेकंदाला सुटतो, चेहऱ्यावरची माशी न हलता. सरासरी काढायची गरजही नव्हती. दहातले नऊ सामने घड्याळच जिंकणार.

म्हणजे यांनी वेणीवालीचं नाव घ्यायचं आणि मी घड्याळाचं. म्हणजे मी जिंकायचं. पुढची थंडी येईपर्यंत रोज सकाळी.

यांच्या तोंडी घड्याळाचं नाव घालून बघितलं. आरशासमोर उभी राहून दोनदा प्रयत्न केला. नाही निघालं. बाकी हिवाळाभर यांच्या नावावर काहीही खपवलं होतं, पण वेणीवालीला सोडून देणारा माणूस म्हणजे हे नव्हेतच. तो दुसराच कुणीतरी झाला असता, आणि परक्या माणसासाठी चहा करण्यात मला रस नव्हता.

शनिवारी दुपारी चालत क्रीडागृहात गेले. हे गेल्यापासून पाऊल टाकलं नव्हतं. दारातच नव्या रंगाचा वास आला. यांच्या खोलीवर आता 'भांडार' अशी पाटी आहे. आत निशाणं लागली होती, मागे जाळी होती. माझी नजर आधी तिकडेच गेली. ताणून बांधली होती. मी तिथल्या पोराटोरांना काही बोलले नाही, पण तोंड कडू झालं.

मागच्या बाकावर क्रीडागृहासमोरचे सलूनवाले बसले होते. हे आणि ते वर्षानुवर्षं शेजारी बसायचे आणि दाढीच्या बोलीवर पैजा लावायचे. मला बघून ते सरकले, आणि मधे एक जागा सोडून मी बसले.

"वहिनी, बऱ्याच दिवसांनी. कुणावर?"

नाव मोठ्याने घ्यायचं असतं. घरात एकटीने घेणं वेगळं आणि माणसांत घेणं वेगळं. पंच शिट्टी तोंडाला लावत होता. मी घसा साफ केला आणि मधल्या रिकाम्या जागेकडे बघून म्हटलं, "यांचं नाव वेणीवाली. माझं नाव घड्याळ."

पुढच्या बाकावरची दोन डोकी वळली. सलूनवाल्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग त्या जागेकडे. "जाळीवाल्यांचं नेहमीचंच," ते म्हणाले आणि समोर बघायला लागले. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

सामना असा असतो. तीन-तीन बाणांचा एक डाव. डाव जिंकला की दोन गुण, बरोबरी झाली की एकेक. आधी सहा होतील तो जिंकला. पहिला डाव घड्याळाने घेतला, टिक्, टिक्, टिक्, तिन्ही पिवळ्या वर्तुळाच्या मधोमध. दुसराही तिचाच. चार शून्य. अजून एक डाव गेला की झालं.

तिसऱ्या डावात वेणीवालीने बाण खाली घेतला. लोक चुकचुकले. तिने श्वास सोडला, पुन्हा ओढला, आणि दहाच्या वर्तुळात मारला. डाव तिचा. चौथाही तिचा. चार चार. मी कधी उभी राहिले मला कळलं नाही. ओरडत होते म्हणे.

"वहिनी," सलूनवाले हळूच म्हणाले, "तुमचं नाव घड्याळ ना?"

"तुम्ही आपली दाढी सांभाळा," मी म्हटलं.

पाचवा डाव बरोबरीत. पाच पाच. आता एकेक बाण, जो मध्याच्या जवळ तो जिंकला. दहाचं वर्तुळ बाटलीच्या बुचाहून थोडंसंच मोठं, आणि हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचं अंतर. माझ्या पुढच्या सगळ्या सकाळी त्या एका बाणावर होत्या, आणि माझ्या हातात धनुष्य नव्हतं.

घड्याळाने ठरल्या सेकंदाला सोडला. दहा. पण किंचित वर. जागा होती. वेणीवालीने धनुष्य उचललं, ओढलं, आणि थांबली. टिक् होईना. तिच्या कोपराला थरथर सुटली. सेकंद पळत होते. सोड, मी म्हणत होते, सोड गं बाई. तिने खाली घेतला.

फार तर चार-पाच सेकंद उरले असतील. आणि त्या क्षणी मला तिच्यावर इतका विश्वास वाटला, की आता ही जिंकणार यात मला तिळमात्र शंका उरली नाही. सरासरी, मागचं वर्ष, काही आठवलं नाही. तिने ओढला, टिक् झालं, बाण गेला. दहा.

दोन्ही दहात. पंच मापाचं उपकरण घेऊन निशाणाजवळ गेला. एक मापला, दुसरा मापला. पुन्हा पहिला मापला. मी उभीच होते, आणि तेव्हा मला एकदम कळलं. हे मुद्दाम हरत नव्हते. बूट आणि जेवणाचं मी सांगू शकत नाही, पण हिच्यावर यांनी दर वेळी खरोखर नाव लावलं होतं. दर वेळी यांना असंच वाटलं असणार, अगदी असंच, छातीत मावेना इतकं. आणि मी शेजारी बसून सरासऱ्या मोजत होते. इतकी वर्षं एका बाकावर बसलो आणि एक सामना कधी एकत्र बघितला नाही. आज पहिल्यांदा बघत होतो, तर मधली जागा रिकामी.

पंचाने हात वर केला. घड्याळाच्या बाजूचा.

टाळ्यांचा पाऊस पडला. वेणीवालीने धनुष्य काखेत धरलं आणि घड्याळाचा हात हातात घेतला. ती हसत होती. मी खाली बसले.

"वहिनी, जिंकलात की!" सलूनवाले म्हणाले. मग माझा चेहरा बघून त्यांनी टोपी हातात घेतली आणि उगाच तिची कड चाचपत बसले. बाहेर पडताना म्हणाले, "या हो अधूनमधून. जागा असते." मी मान हलवली.

रविवारी सकाळी जाग आली ती नेहमीच्या वेळेला. मी पाय खाली टाकले, आणि पुन्हा वर घेतले. नियम म्हणजे नियम. उठून चहा केला असता तर कुणी बघणार नव्हतं, मला माहीत आहे. कुणी येऊन गॅस बंद करणार नव्हतं, हेच तर. चहा मी केला तर हे नाहीत, आणि नाही केला तरी हे नाहीत. पण नाही केला तर निदान यांचा नियम तरी जागेवर राहत होता. हिवाळाभर मी त्याला फसवलं होतं. आता तो म्हणेल तसं.

मी पडून राहिले. ज्या गोष्टीला घाबरून इतकी लबाडी केली, ती आता माझ्या उशाशी येऊन बसली होती. कुठेतरी खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि मी उशीवरून मान उचलली. मग कळलं की वरचे. रस्त्यावर दुकानाचं शटर उघडलं. स्वयंपाकघरातून काहीच आवाज येत नव्हता. मी कान देऊन ऐकलं, मूर्खासारखं, आणि मग ऐकलं त्याचं रडू आलं. उशी ओली झाली, ती उलटी केली. ऊन पलंगाच्या कडेपर्यंत आलं, यांच्या टेबलावर चढलं. टेबलावर काल सकाळच्या कपाचा गोल डाग होता. यांचाच कप, काठोकाठ भरलेला. तशी सवय मलाही लागली होती.

घसा कोरडा पडला तरी उठले नाही. दहाला फोन वाजला.

"आई, चहा झाला का?"

"नाही."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. "का गं? बरं नाही का तुला? अजून झोपलीयेस?"

"पडलेय."

"गुडघा?"

"गुडघा बरा आहे." मला झाला म्हणून सांगता आलं असतं. हिवाळाभर सांगत आले होते. "अगं, काल शेवटचा सामना होता. वेणीवाली होती. बाबा हरले."

मला वाटलं फोन कट झाला, किंवा आता ती डॉक्टरांचं नाव काढणार, पुढच्या गाडीने निघते म्हणणार. मी छताकडे बघत राहिले. मग तिने नाक ओढल्याचा आवाज आला, आणि खुर्ची ओढल्याचा. या वेळी खुर्ची तिच्याकडचीच होती.

"किती फरकानं?" तिने विचारलं.

मी उशी पाठीशी घेतली, उठून बसले, आणि पहिल्या बाणापासून सांगायला लागले.